नॉरफोक स्ट्रीटवरची शेवटची मैफल आणि डिलॅन्सीपलीकडची १८०० कुटुंबे

१४ एप्रिल २००७. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, १०७ नॉरफोक स्ट्रीट या पत्त्यावर, एका बंद झालेल्या संगीत क्लबच्या मंचावर मार्क रिबो हा नावाजलेला गिटारवादक वाजवत बसला होता. क्लबचा अधिकृत शेवटचा कार्यक्रम आदल्या रात्री झाला होता. जागा रिकामी करायची होती. रिबो आणि त्याची सहकारी रिबेका मूर यांनी उठायला नकार दिला. पोलीस आले आणि दोघांना अटक करून घेऊन गेले. आरोप होता दुसऱ्याच्या मालमत्तेत विनापरवाना थांबल्याचा.

(तारीख वाचून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. हा निव्वळ योगायोग आहे, मी त्यातून काही काढणार नाही.)

या क्लबचे नाव टॉनिक. प्रायोगिक संगीताच्या जगात तो बंद पडल्याची हळहळ आजही व्यक्त होते. त्यावर लिहिणाऱ्यांची मांडणी बहुतेक एकाच साच्याची असते: गरीब पण जिवंत मोहल्ला होता, कलावंत होते, मग बिल्डर आले, काचेचे टॉवर उभे राहिले आणि संगीत मेले. ही मांडणी खोटी नाही. पण ती फार उशिरा सुरू होते. १९९८ पासून सुरू होते, आणि १९९८ च्या आधी त्या जमिनीवर कोण राहत होते, त्यांचे काय झाले, हा प्रश्न तिच्यात येत नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

आधी क्लबबद्दल. टॉनिक १९९८ च्या वसंतात सुरू झाला. त्या जागेत पूर्वी केडेम या ज्यू कंपनीची कोशर वाइन तयार होत असे. तळघरात जुनी लाकडी पिंपे तशीच होती, त्यांच्यातच बसायच्या जागा केल्या होत्या आणि त्या तळघराला ‘सबटॉनिक’ म्हणत. चालवणारे एक जोडपे होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न याने कार्यक्रम ठरवले आणि क्लबला वळण मिळाले. कोण वाजवणार हे वादकांनीच ठरवायचे, ही पद्धत तिथे रुजली. इंग्लंडचा डेरेक बेली, जपानहून येऊन न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेली इकुए मोरी, कृष्णवर्णीय तालवादक मिलफर्ड ग्रेव्हज, ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ अशी माणसे तिथे वाजवून गेली. सप्टेंबर २००३ मध्ये झॉर्नच्या पन्नाशीनिमित्त महिनाभर रोज कार्यक्रम झाले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांची मालिकाच निघाली.

हे संगीत कसले, हे सांगणे अवघड आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की वाद्ये अजून लावून व्हायची आहेत. ठेका सापडत नाही, सूर धरून ठेवत नाहीत. मीही पहिल्यांदा ऐकले तेव्हा दहा मिनिटांत बंद केले होते. पण एवढे समजून घ्यावे की असे संगीत पैसा मिळवून देत नाही, आणि म्हणून त्याला एकच गोष्ट जगवते: स्वस्त जागा. पन्नास माणसे तिकीट काढून आली तर वादकाला काहीतरी मिळाले पाहिजे आणि भाडेही निघाले पाहिजे. भाडे वाढले की पहिला बळी अशा संगीताचा.

भाडे वाढलेच. २००५ मध्ये क्लबने लोकांपुढे हात पसरले, वादकांनी मदतीसाठी कार्यक्रम केले आणि दोन वर्षे निघाली. तोवर शेजारीच, १०५ नॉरफोकवर, बर्नार्ड चुमी या प्रसिद्ध वास्तुरचनाकाराचा ‘ब्लू’ नावाचा निळ्या काचांचा सोळा मजली टॉवर उभा राहत होता. त्यात मोजकी, ३२ घरे. जवळच रिव्हिंग्टन स्ट्रीटवर वीस मजल्यांहून उंच हॉटेल आधीच झाले होते. आजूबाजूला चाळीवजा पाच-सहा मजली जुन्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावर हे निळे तिरपे डोलारे. बंद होताना मालकांनी जे निवेदन काढले त्यात हेच कारण दिले होते: भाडे आणि खर्च परवडत नाहीत आणि सगळीकडून आलिशान इमारतींनी घेरले आहे. त्याच्या सहाच महिने आधी, ऑक्टोबर २००६ मध्ये, बाउरीवरचा सीबीजीबी हा पंक संगीताचा क्लब भाड्याच्याच भांडणात बंद झाला होता.

इथे एक कायदेशीर बाब सांगायला हवी, कारण हळहळणाऱ्या लेखांत ती सहसा येत नाही. न्यूयॉर्कमध्ये राहत्या घरांच्या मोठ्या हिश्श्याला भाडेनियंत्रणाचे काही ना काही संरक्षण आहे. दुकानाला, क्लबला, हॉटेलला ते नाही. एकेकाळी होते: १९४५ ते १९६३ या काळात व्यापारी जागांच्या भाड्यावरही नियंत्रण होते, नंतर ते उठवले. १९८० च्या दशकापासून व्यापारी भाडेकरूंना करार नूतनीकरणाचा हक्क देणारे विधेयक शहराच्या कौन्सिलपुढे वेगवेगळ्या रूपांत येत राहिले आणि अडकत राहिले. म्हणजे टॉनिकचा करार संपला की मालक हवे ते भाडे मागू शकत होता आणि त्यात बेकायदा काही नव्हते. ‘बाजाराने मारले’ असे म्हणतात तेव्हा हा बाजार कायद्याने मोकळा सोडलेला असतो, हे विसरायचे नाही.

आता नॉरफोक स्ट्रीटवरून दक्षिणेकडे शंभरेक पावले चालू या. डिलॅन्सी स्ट्रीट हा मोठा रस्ता लागतो. तो ओलांडला की २००७ मध्ये समोर काय होते? मोटारी लावायच्या मोकळ्या जागा. मॅनहॅटनसारख्या बेटावर, जिथे इंचाइंचाला भाव, तिथे ओळीने कित्येक भूखंड डांबर टाकून नुसते पडलेले. टॉनिकला येणारे श्रोते रोज ते पाहत असणार. त्या रिकाम्या जागेचा इतिहास असा:

१९६० च्या दशकात शहराने ‘स्युअर्ड पार्क नागरी नूतनीकरण क्षेत्र’ घोषित केले. जुन्या मोडकळीच्या चाळी पाडून नवी घरे बांधायची, ही योजना. १९६७ पासून पाडकाम सुरू झाले. १८०० हून अधिक कुटुंबे उठवली गेली. बहुसंख्य पोर्तोरिकन, शिवाय कृष्णवर्णीय, चिनी आणि गरीब गोरे. त्यांना सांगितले होते की नवी घरे झाली की पहिला हक्क तुमचा. घरे थोडी झाली, बाकीची जमीन तशीच राहिली. एक वर्ष नाही, दहा वर्षे नाही, चार दशकांहून अधिक काळ. काय बांधायचे यावर एकमत होत नाही, असे अधिकृत कारण. खरे कारण त्या भागातल्या राजकारणात होते. तिथे वस्त्र कामगार संघटनांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी वसाहती होत्या, मुख्यतः ज्यू कामगारांच्या, आणि त्यांच्या पुढाऱ्यांना शेजारी गरिबांची घरे नको होती. विधानसभेचे वजनदार सभापती शेल्डन सिल्व्हर याच भागाचे. कामगार चळवळीतून आलेली, समाजवादी परंपरा सांगणारी माणसे आपल्याहून खालच्याला शेजारी म्हणून नाकारतात, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. बिल्डर निदान ढोंग करत नाही.

जी थोडी घरे झाली त्यांचे तरी काय झाले? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्युअर्ड पार्क एक्स्टेन्शन’ या सरकारी इमारती तयार झाल्या. शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने उठवलेल्या कुटुंबांना प्राधान्याचे लेखी आश्वासन दिलेले होते. प्रत्यक्षात अनेक घरे गोऱ्या, मुख्यतः ज्यू अर्जदारांना द्यायचे ठरले. विस्थापितांनी खटला भरला: ओतेरो विरुद्ध न्यूयॉर्क सिटी हाउसिंग अथॉरिटी. खालच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९७३ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. काय तर्क दिला, तो नीट वाचण्यासारखा आहे. कोर्टाचे म्हणणे, वंशभेद मिटवून मिश्र वस्ती निर्माण करणे हे प्राधिकरणाचे कायदेशीर कर्तव्य आहे. सगळे विस्थापित परत आले तर तिथे गोऱ्यांचे प्रमाण कमी होऊन ते निघून जातील, वस्ती एकाच वर्णाची होईल. असे खरोखर होणार आहे हे सिद्ध करता आले, तर प्राधिकरण आपले आश्वासन मोडू शकते.

म्हणजे भेदभावाविरुद्धचा कायदा, जो ज्यांच्यासाठी केला त्यांच्याचविरुद्ध वापरला. ज्यांची घरे पाडली त्यांनी परत येणे हाच एकात्मतेला धोका ठरला. समाजशास्त्राच्या वर्गात ‘मिश्र वस्ती’ हा शब्द आम्ही निव्वळ चांगल्या अर्थाने शिकलो होतो. हा निकाल वाचल्यावर मी तो शब्द जपून वापरतो. कोण कोणाच्या वस्तीत मिसळणार आणि त्यासाठी कोणाला बाहेर राहावे लागणार, हे विचारल्याशिवाय तो शब्द बोलू नये.

पुनर्वसनाच्या एका कामात काही महिने मी पात्र-अपात्रच्या याद्या घेऊन घरोघर फिरलो आहे. एका आजींकडे पावती सोडून सगळे होते: शेजारी साक्षीदार, मुलाच्या शाळेचा दाखला, नवऱ्याचा गिरणीचा पास. पण ज्या सालची पावती हवी होती त्या सालची नव्हती. यादीत त्या अपात्र. ‘तुम्हाला परत आणू’ हे वाक्य ऐकले की मला त्या आजी आठवतात. डिलॅन्सीच्या १८०० कुटुंबांकडे तर लेखी आश्वासन होते आणि तरीही.

आता प्रश्न असा की या सगळ्याचा टॉनिकशी संबंध काय? संबंध सरळ आहे. टॉनिकला १९९८ मध्ये स्वस्त जागा मिळाली ती आपोआप स्वस्त नव्हती. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये ‘भाड्याची दरी’ असा सिद्धान्त मांडला. एखाद्या जागेतून आज मिळणारे भाडे आणि तिचा चांगला वापर केला तर मिळू शकणारे भाडे, यांतले अंतर म्हणजे ही दरी. मालक दुरुस्ती थांबवतो, बँका कर्ज थांबवतात, शहर अग्निशमन केंद्रे आणि दवाखाने कमी करते, भाव कोसळतो. दरी पुरेशी खोल झाली की भांडवल परत येते. लोअर ईस्ट साइडमध्ये १९७० च्या दशकात नेमके हे झाले. मालकांनी इमारती सोडून दिल्या, विम्यासाठी आगी लावल्या गेल्या, कर थकल्यामुळे शेकडो इमारती शहराच्या ताब्यात आल्या. जे राहिले ते प्रामुख्याने पोर्तोरिकन. त्यांनी आपल्या बोलीत या भागाला ‘लोइसाइदा’ म्हटले, ढिगारे उपसून बागा केल्या, रिकाम्या इमारती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या. कलावंतांना मिळालेली ‘जिवंत, स्वस्त, मोकळी’ वस्ती ही या माणसांनी जगवलेली वस्ती होती.

१९९८ हे साल याच दृष्टीने पाहावे. ज्या वर्षी टॉनिक उघडला, त्याच वर्षी २० जुलैला महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवरची एक जुनी शाळा लिलावात विकली. १९७९ पासून तिथे ‘चारास / एल बोहिओ’ हे पोर्तोरिकन कार्यकर्त्यांनी चालवलेले केंद्र होते. नाटक, सिनेमा, सभा, तालमी, नाच, मुलांचे वर्ग, सगळे एका छताखाली. लिलाव पोलीस मुख्यालयात झाला. विरोधकांनी सभागृहात हजारो रातकिडे सोडून तो उधळायचा प्रयत्न केला. रातकिडे पकडून लिलाव पुढे चालू झाला आणि इमारत ३१.५ लाख डॉलरना गेली. डिसेंबर २००१ मध्ये केंद्राला बाहेर काढले. त्यानंतर ती इमारत वीस वर्षांहून अधिक काळ रिकामी पडून राहिली. तिथेही कला होती. तिथेही संगीत होते. पण ‘न्यूयॉर्कच्या प्रायोगिक संगीताचा ऱ्हास’ या विषयावरच्या लेखात चारासचा उल्लेख मला अजून तरी सापडलेला नाही. प्रयोग कशाला म्हणायचे हे कोण ठरवते, असा यातला प्रश्न आहे.

वर्णाचा प्रश्न तर संगीताच्या पोटातच आहे. १९२६ मध्ये न्यूयॉर्कने कॅबरे कायदा केला. नाचगाण्याच्या प्रत्येक ठिकाणाला परवाना सक्तीचा. हार्लेमच्या जाझ क्लबांवर, जिथे गोरे-काळे एकत्र नाचत, लगाम घालणे हा त्यातला उघड हेतू होता असे अनेक अभ्यासक मानतात. १९४० पासून वादकांनाही पोलिसांचे ओळखपत्र घ्यावे लागे. ते काढून घेतले की शहरातल्या दारू विकणाऱ्या क्लबांत वाजवणे बंद. बिली हॉलिडेचे कार्ड असेच गेले. थेलोनियस मंकचे १९५१ मध्ये गेले आणि सहा वर्षांनी मिळाले. १९५७ मध्ये तो कूपर स्क्वेअरच्या फाइव्ह स्पॉटमध्ये जॉन कोल्ट्रेनसोबत महिनोन् महिने वाजवू लागला, तो कार्ड परत मिळाल्यामुळे. कार्डाची पद्धत १९६७ मध्ये संपली.

पण कायद्यात आणखी एक बारीक कलम होते. परवान्याशिवाय फक्त तीन वादक चालत आणि त्यांची वाद्येही ठरलेली: पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार किंवा कुठलेही तंतुवाद्य. ढोल नाही, तुतारीजातीचे काही नाही, सॅक्सोफोन नाही. तार छेडली तर ते ‘पार्श्वसंगीत’, कातड्यावर थाप मारली किंवा फुंकर घातली तर परवाना काढा. कातड्याच्या वाद्याला आणि ते वाजवणाऱ्याला कुठली जागा दिली जाते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी सांगायला नको. हे कलम १९८० च्या दशकात वादकांनी कोर्टात जाऊन रद्द करवले. संपूर्ण कॅबरे कायदा मात्र २०१७ पर्यंत जिवंत होता, म्हणजे टॉनिक उघडला आणि बंद झाला तेव्हाही.

ज्याला नंतर ‘डाउनटाउन’ संगीत म्हटले गेले त्याच्या आधी याच परिसरात कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःच्या जागा उभ्या केल्या होत्या. क्लबमालक मुक्त जाझला दार उघडत नव्हते म्हणून सॅम रिव्हर्स आणि त्याची पत्नी बी यांनी १९७० च्या सुमारास २४ बॉन्ड स्ट्रीटवर आपल्या राहत्या लॉफ्टमध्ये ‘स्टुडिओ रिव्हबी’ सुरू केला. ऑर्नेट कोलमनने प्रिन्स स्ट्रीटवर ‘आर्टिस्ट हाउस’, रशीद अलीने ग्रीन स्ट्रीटवर ‘अलीज अ‍ॅली’. दारूचा गल्ला नाही, मालक नाही, प्रवेशमूल्याचे पैसे वादकांचे. टॉनिकची आणि पुढे झॉर्नने २००५ मध्ये अव्हेन्यू सी-वर सुरू केलेल्या ‘द स्टोन’ची जी कल्पना कौतुकाने सांगितली जाते, ती या लॉफ्टमध्ये तीस वर्षे आधी राबवलेली होती. हे लॉफ्ट १९८० च्या आगेमागे संपले, कारण सोहोमध्ये कलावंतांनी वास केलेल्या रिकाम्या कारखान्यांना श्रीमंतांची मागणी आली. शॅरन झुकिन यांचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे १९८२ चे पुस्तक याचीच कहाणी आहे. तेव्हा कोणी मंचावर बसून अटक करून घेतल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि वर्तमानपत्रांनीही त्यांचा शोक टॉनिकइतका केला नाही.

याचा अर्थ टॉनिकचे लोक दोषी होते का? असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे. डाव्या वर्तुळात तो काढलाही जातो: कलावंत म्हणजे बिल्डरांची पहिली फौज, ते येतात, मागून कॅफे येतो, त्यामागून टॉवर. मला ही मांडणी अर्धवट वाटते. कलावंत जमीन विकत नाहीत. झोनिंग ते बदलत नाहीत, करसवलत ते देत नाहीत. शिवाय कलावंतांतल्या काहींनी हे फार लवकर ओळखले होते. १ जानेवारी १९८० ला तिसेक कलावंतांनी डिलॅन्सी स्ट्रीटवरची शहराच्या मालकीची एक रिकामी इमारत कुलूप तोडून ताब्यात घेतली आणि ‘रिअल इस्टेट शो’ नावाचे प्रदर्शन भरवले. विषय होता जमीन, घरमालक, बेदखल होणे. ब्रुकलिनमध्ये घर खाली करायला आलेल्या पोलिसांना विरोध करताना मारल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्मृतीला ते प्रदर्शन अर्पण केले होते. शहराने दुसऱ्याच दिवशी टाळे ठोकले. बभ्रा झाला तेव्हा बदल्यात रिव्हिंग्टन स्ट्रीटवरची एक पडकी इमारत दिली. तेच ‘एबीसी नो रिओ’. पंक आणि मुक्त वादन तिथे वर्षानुवर्षे चालले. शहराने त्यांनाही हुसकायचा प्रयत्न केला, पण ते चिकटून राहिले आणि २००६ मध्ये ती इमारत एका डॉलरला त्यांच्या मालकीची झाली.

२००६ मध्ये एबीसी नो रिओला मालकी मिळते आणि २००७ मध्ये दोन-तीन गल्ल्यांवरचा टॉनिक संपतो. दोघांचे संगीत सारखेच न विकले जाणारे. फरक सातबाऱ्याचा.

म्हणून रिबोच्या मागणीकडे मी आदराने पाहतो. अटकेआधी त्याने आणि सहकाऱ्यांनी शहर प्रशासनाकडे स्पष्ट मागणी केली होती: प्रायोगिक जाझ आणि नव्या संगीतासाठी किमान २०० श्रोते बसतील अशी मध्यवर्ती जागा शहराने द्यावी. युरोपात सार्वजनिक पैशातून अशी सभागृहे चालतात आणि न्यूयॉर्कचे वादक तिथेच जाऊन पोट भरतात, हा त्याचा रोख. क्लब वाचवा अशी भावनिक हाक त्याने दिली नाही, धोरण मागितले. हे महत्त्वाचे आहे. पण मागणी एका क्षेत्रापुरती राहिली. डिलॅन्सीच्या पलीकडे शहराचीच जमीन चाळीस वर्षे मोकळी होती आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसे जवळच्या सरकारी इमारतींत राहत होती. वादकांची २०० खुर्च्यांची मागणी आणि विस्थापितांची घरांची मागणी एकाच पत्रकावर आली असती तर? आली असती तरी यश मिळाले असते असे नाही. पण लढा ‘आमचा क्लब’ या शब्दाच्या बाहेर गेला असता.

ती एकत्र न आल्याचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. नोव्हेंबर २००८ मध्ये शहराने ईस्ट व्हिलेज आणि लोअर ईस्ट साइडच्या सुमारे १११ ठोकळ्यांचे नवे झोनिंग मंजूर केले. ‘ब्लू’सारखे टॉवर पुन्हा उभे राहू नयेत म्हणून उंचीवर मर्यादा आली. टॉनिकच्या शोकातून जो संताप निर्माण झाला होता त्याला काही अंशी उत्तर मिळाले. पण सीमारेषा कुठे आखली? चायनाटाउन आणि बाउरीचा मोठा भाग बाहेर ठेवून. तिथल्या चिनी आणि लॅटिनो संघटनांनी मोर्चे काढले, कोर्टातही गेल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: तुलनेने गोऱ्या आणि सुखवस्तू भागाला संरक्षण दिले की बिल्डरचा दाब शेजारच्या गरीब भागावर येणार. जाती-वर्गाच्या सीमारेषा नकाशावर कशा उतरतात ते पाहायचे असेल तर हा नकाशा पाहावा.

डिलॅन्सीपलीकडच्या भूखंडांचा निर्णय २०१२ मध्ये झाला. एक हजार घरे, त्यातली निम्मी कायमस्वरूपी परवडणाऱ्या दरांची, बाकीची बाजारभावाने. ‘एसेक्स क्रॉसिंग’ या नावाने तिथे आता दुकाने, कार्यालये, सिनेमागृह उभे आहे. १९६७ च्या विस्थापितांना अर्जात प्राधान्य होते. तेव्हा आईचा हात धरून बाहेर पडलेले मूल आता पन्नाशीच्या आसपास होते, आणि आईवडील बहुतेक गेलेले. पंचेचाळीस वर्षे पुरेशी असतात. आश्वासन मोडावेही लागत नाही.

झॉर्नचा ‘द स्टोन’ २०१८ मध्ये अव्हेन्यू सी सोडून न्यू स्कूल या विद्यापीठाच्या इमारतीत गेला. एबीसी नो रिओची मोडकळलेली इमारत २०१७ मध्ये पाडली, नवी बांधायला त्यांना वर्षानुवर्षे पैसे जमवावे लागले.

आणि टॉनिकच्या अगदी मागच्या गल्लीत, १०७ सफोक स्ट्रीटवर, एक जुनी सरकारी शाळा आहे. घरक्रमांकही तोच, १०७. १९९३ मध्ये पोर्तोरिकन आणि लॅटिनो कलावंतांनी तिथे एका पोर्तोरिकन कवीच्या नावाने क्लेमेन्ते सोतो वेलेस केंद्र सुरू केले. इमारत शहराच्या मालकीची आहे आणि तिचा लिलाव झाला नाही. टॉनिक बंद झाल्यावर पुढच्याच वर्षी मुक्त जाझचा ‘व्हिजन फेस्टिव्हल’ तिथे भरला. विल्यम पार्कर आणि पॅट्रिशिया निकोल्सन पार्कर यांच्या पुढाकाराने सुरू झालेला, मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांचा हा महोत्सव. शाळेच्या त्या खोल्यांत स्पॅनिश नाटकाच्या तालमी असतात आणि पुढच्या दारी ड्रम वाजतो. आवाज एकमेकांत मिसळतात म्हणून अधूनमधून तक्रारीही होतात म्हणे.